पाटीसाठी चाळीस शब्द

काचेच्या कपाटात ठेवणार आहेत आता त्याला.
नव्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मिस्टर हार्मसे,
तुम्हीच सगळ्यांत जुने. पाटीसाठी
चाळीस शब्द द्या."

शुभंकर म्हणतात त्याला. शुभ असं त्यानं
फारसं काही केलं नाही. अडतीस सालापासून
झ्वार्तमीरची शाळा फुटबॉलमध्ये
जिंकली कमी, हरली मनापासून.

आधी आमचा गरुड होता. आसपासच्या
अकरा शाळांचाही गरुडच.
वडील सांगायचे, ब्लिस्टनच्या पोरांनी एका सामन्याला
नाकाला रुमाल बांधले, सगळ्या बाकांनी एकदम,
आणि ओरडले, "कांदे आले, कांदे!"
खोटं नव्हतं. दलदल उपसून काढलेली आमची जमीन,
काजळासारखी काळी. नखांत शिरली की
रविवारच्या चर्चमध्येही निघायची नाही,
आणि सप्टेंबरात वह्यांनासुद्धा वास.
प्रशिक्षक तेउन बाउसमा चालत मैदानाच्या मध्यावर गेले,
खिशातून कांदा काढला,
सफरचंदासारखा चावला, सालीसकट.
डोळ्यांतून घळाघळा पाणी. चावत राहिले.
सामना एकोणतीस गुणांनी गेला,
आणि गरुड उडाला तो उडालाच.

पहिला कांदा शिवला शिवणाच्या बाई आल्के द्रायरनी,
पिंपाच्या लाकडी कड्यांवर, चर्चच्या जुन्या पडद्याचा.
फाटला की त्या उसवत नसत.
वरून नवं कापड चढवत:
युद्धातून उरलेलं पॅराशूट, मग घोंगडी, मग गोणपाट,
आणि त्यांच्या मागून, ब्याऐंशी साली,
गोदामवाल्या फेनस्त्रांनी दिलेलं जांभळं मखमल.
पासष्ट साली मी बाकावर बसून राहणारा खेळाडू.
कांदा उचलून बसमध्ये ठेवणं हे माझं काम.
तेव्हाच तो वासराएवढा जड होता.

आत कोण, हे विचारायचं नाही, असा नियम.
त्या वर्षी आत जे कुणी होतं ते
असं नाचायचं, की ब्लिस्टनवाले रुमाल विसरायचे.
टाचेतून यायचा तो नाच, मातीला विचारून.
आम्हा डच पोरांना चर्चनं नाचू दिलं नव्हतं कधी.
आम्ही नावं लावून पाहिली. रूलोफ?
त्याला असले पाय कुठले!
ऑक्टोबर संपता संपता कांदा एकाएकी बदलला.
सामन्यात उभा राहिला
खांबासारखा.

परवा टॉर्च घेऊन मी आत वाकलो.
तोंडाच्या उंचीवर, कड्यावर, पेन्सिलीनं नावं आणि सालं.
बहुतेक ओळखीची. निम्मी आता दफनभूमीत.
आणि एक, खिळ्यानं कोरलेलं:
एउलालिया, ६५.
खाली स्पॅनिशमध्ये काहीतरी. नातीला फोन केला.
म्हणाली, "इथे थंडी वाजत नाही."

मग आठवलं. कालव्यापलीकडच्या पत्र्याच्या खोल्या.
टेक्सासहून ट्रकमधून येणारी घरंच्या घरं,
कांदा उपटायला, गोण्या भरायला,
आणि पहिल्या कडक गारठ्याला परत.
शेवटच्या बाकावर दोन महिने एक मुलगी,
कोट नसलेली.
वार्षिक अंकातल्या फोटोत ती नाही.
मुलींचा संघ तर नव्हताच.
खोलीची किल्ली द्रायरबाईंकडे असायची,
आणि बाई कुणाला उत्तरं देत नसत.
कांदा कोण उपटतं, हे साऱ्या गावाला माहीत होतं.
गाव नाकानं कांदे सोलत बसलं होतं,
त्यात मीही.

पाटी लिहिली. साल, बाउसमा, पिंप, पडदा, मखमल,
सगळं छत्तीस शब्दांत बसलं. उरले चार.
तिचं वाक्य नेमकं चार शब्दांचं.
पण मग नावाला जागा नाही.
दोनदा मोजलं. मखमल खोडलं.

आज सकाळी मुख्याध्यापिकांचा फोन:
"मखमल कुठे गेलं? देणाऱ्यांचा नातू
शाळामंडळावर आहे."
मी म्हटलं, बाई,
ते सगळ्यांत वरच आहे. न लिहिता दिसतंय.