शेंडेफळ

एल्डर म्हणजे थोरला.
तीन बहिणींच्या पाठीवरचा मी, शेंडेफळ,
आईनं डोक्याला तेल थापल्याशिवाय झोप न येणारा,
इथे मुसफ्फ्यात सगळ्यांचा थोरला.
एल्डर पाटोळे, वय वर्षं वीस.
नावाची काळी पाटी खिशात.
ती बाहेर लावायची नाही.
कुणाचं दार वाजवायचं नाही.
विचारल्याशिवाय देवाचं बोलायचं नाही.

जालन्यात मामा सांगत सुटलाय,
भाचा घरोघरी जाऊन उपदेश करतो.
मामा, मी घरोघरी जाऊन फ्रिज उचलतो.
काल एका बिऱ्हाडाच्या गाद्या तिसऱ्या मजल्यावरून पाचव्यावर नेल्या,
लिफ्ट बंद.
सोबत एल्डर फिफिता, टोंगा बेटाचा,
दारातून आधी त्याचे खांदे येतात, मग तो.
आम्ही एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही.
तो अंघोळीला जातो, आतून त्याचं खर्जातलं गाणं येतं,
तेवढाच माझा एकांत.

पठाण टॅक्सीवाला आरशातून विचारतो,
कुठल्या बँकेत?
पांढरे शर्ट, टाय, आणि एवढे घामाघूम.
फिफिता म्हणतो, बँक नाही.
मग आम्ही वाट बघतो.
पठाण रेडिओ लावतो.

सभेला मारिव्हिक येते, मॅडमनं दिलेल्या चाळीस मिनिटांत.
भाकरीचा तुकडा, कागदी पेल्यातलं घोटभर पाणी.
डोळे मिटते. उघडते ते घड्याळावर.
मी तिच्यासाठी काय करू शकतो, सिस्टर, असं विचारलं
तर म्हणाली, बस स्टॉपपर्यंत पिशवी धर.

पाच शर्ट. पाचांच्या कॉलरला पिवळी रेघ.
सोमवारी आईचा फोन. कॅमेरा मी हनुवटीच्या वर धरतो,
रेघ दिसली तर म्हणेल, लिंबू लाव, मीठ लाव,
आणि मग रडेल.

ऑगस्टात एसी गेला.
रात्री नऊला दार वाजलं.
अकरा महिन्यांत कानावर पडलेली पहिली थाप,
आणि ती आमच्याच दारावर.

निळ्या कपड्यातला माणूस, पाना, गुंडाळलेली वायर.
मी स्टूल सरकवायला गेलो, अंगठा ठेचला,
आई गं.
तो वरून वाकला, तोंडात स्क्रू धरूनच:
कुठला रे तू?

लहामगे. अकोल्याचा, विदर्भातल्या नाही, नगरकडच्या.
बावीस वर्षं लोकांच्या छतांत डोकं घालतोय.
मोसंबीला काय भाव तुमच्याकडं, विचारलं,
मला ठाऊक नव्हतं, मी सांगितला.
मग टेबलावरची पाटी उचलून म्हणाला,
हे काय असतं?

विचारलं.
आता बोलता येतं.
एवढे महिने पाठ केलेलं सारं जिभेवर आलं, इंग्रजीत.
मराठीत एवढंच निघालं,
एल्डर म्हणजे थोरला.

तो हसला. तू? मिसरूड फुटू दे की आधी.
पाना फिरवत राहिला.
थोरला मी. बाप गेला तेव्हा इथंच होतो,
असाच कुणाचा तरी कॉम्प्रेसर खोलून.
पाणी धाकट्यानं पाजलं, अग्नी धाकट्यानं दिला.
धर जरा बॅटरी, वर धर.

मी धरली. फिफितानं स्टूल धरलं,
मराठीतलं काही न कळता, दोन्ही हातांनी.

उतरल्यावर म्हणाला, टाक की कपभर चहा.
आणि आमच्या घरात चहा नाही.
पत्तीच नाही, वर्ज्य आहे,
हे मराठी माणसाला मराठीत कसं सांगायचं
ते मला कुणी शिकवलं नव्हतं.
मी लिंबू पिळलं. मीठ, साखर, चिमूटभर जिरं.
शर्टांसाठी आणलेलं लिंबू.
तो उभ्यानंच प्यायला, पेला पालथा घालून धुऊन ठेवला.
येतो, म्हणाला. जातो नाही.

रविवारी तक्ता भरायचा असतो,
आठवड्यात किती जणांना शिकवलं.
फिफिता पेन उघडून माझ्याकडे बघतोय.
थांब, म्हटलं,
आधी बादली सरकव,
अजून ठिबकतंय.