कोरा रकाना

कंदील धरायचं काम माझं.
राखेनं काच पुसायची, वात सरळ कापायची,
आणि लटारीभाऊच्या खांद्याशी उभं राहायचं.
फार जवळ नाही, कागद तापतो.
फार लांब नाही, जोडाक्षरं अडतात.

पेपर यायचा गुरुवारी,
हिंगणघाटच्या जिनातून परतणाऱ्या बंडीत,
सरकीच्या पोत्याखाली घडी होऊन.
चार पानं, तेलकट. तारीख नेहमी मागची.
आमच्याकडे जग पाच दिवस उशिरा घडायचं.

पुंजारामची घाणी थांबली की
बैलाच्या डोळ्यांवरची झापड निघायची
आणि माणसं बसायची पेंडीच्या वासात.
'अटक' हा शब्द लटारीभाऊ
कापसाच्या भावासारखा वाचायचा, चढउतार न दाखवता.
कुठं जंगलातलं गवत कापलं म्हणून सहा महिने,
कुठं संपादकाकडून दोन हजारांचा जामीन.
"जामीन काहून? त्यानं काय चोरलं?"
कौतिका विचारायची, दळणाची टोपली मांडीवर घेऊन.
"बातमी," लटारीभाऊ म्हणायचा, आणि पान उलटायचा.

कवडू बाभळीपाशी, वीस पावलं दूर.
तिथं बस असं कोणी म्हटलं नव्हतं.
इथं ये असंही.
त्याच्यासाठी लटारीभाऊ आवाज चढवायचा
आणि समजायचा, झालं.

त्या गुरुवारी दुसरं पान उघडलं
आणि तो थांबला.
मी कंदील वर केला.
अग्रलेखाच्या जागी काहीच नव्हतं.
वर पेपरचं नाव, खाली रेघ,
मधे धुतल्या धोतरासारखं पांढरं.
नाही, धोतराला नीळ तरी असते.

"वाच ना गा."
"कोरं हाये."
"खिळे संपले असन."
"शाई संपली असन."
"नाही," लटारीभाऊ म्हणाला, "छापू नाही देल्लं."
मग त्यानं रकान्याच्या माथ्यावर बोट ठेवलं
आणि ओळ ओळ करत खाली आणलं,
अग्रलेखाला लागतो तेवढा सगळा वेळ घेऊन.
कोणी खोकलं नाही.
बैलानं तेवढा एकदा श्वास सोडला.
सरकारला नको होतं ते सगळं तिथं होतं
आणि बेडी घालावी असं एक अक्षर नव्हतं.

"मले दाखोव," बाभळीकडून आलं.
वीस पावलं. मी मोजली,
उजेड माझ्याच हातात होता.
लटारीभाऊनं कागद भुईवर नाही ठेवला.
हातात दिला.
कवडूनं बराच वेळ पाहिलं.
"हे मले वाचता येते," म्हणाला.
"आमच्याबद्दल तुमच्या पेपरात
दर हप्त्याले हेच राह्यते."

त्या रात्री पुढची पानं वाचली गेली नाहीत.
पुढल्या गुरुवारी तो घाणीपाशी होता.
बैलाच्या पलीकडे, पण छपराखाली.

सोमवारी फौजदार येऊन गेला होता.
"काय वाचलं?"
"काहीच नाही, साहेब."
चौदा जणांनी सांगितलं, कौतिकानं तर शपथ घेतली.
फौजदारापुढं आमचं गाव
एवढं खरं कधी बोललं नव्हतं.

पौषात बंडी नुसतीच सरकी घेऊन आली.
छापखान्याला लाखेचं सील,
अ पासून ज्ञ पर्यंत सगळे खिळे
पोत्यात भरून कचेरीत, वजन करून.
लटारीभाऊ वर्गणी घेऊन गेला तरी.
तीन रुपये दोन आणे, घाणीपाशी जमवलेले,
त्यात कवडूची एक चवली.
शिपाई म्हणाला, काय पाहिजे?
हा म्हणाला, पावती.

पैसे कडोसरीला तसेच परत आले.
पुढं झेंडा बदलला, पेढे वाटले,
घाणीच्या जागी पिठाची गिरणी आली.
ते कुठं गेले, मला ठाऊक नाही.
एवढं खरं, की दिले गेले नाहीत.
तीन रुपये दोन आणे
आमच्या गावाकडे अजून निघतात.