चाचणी, वेंगुर्ला

पुण्याहून मी अकरा तत्त्वं घेऊन आले होते,
जाड कागदावर, कडेला फिका हिरवा रंग.
पहिलं तत्त्व : विश्वास.

काजू भाजल्याचा वास केसांत शिरून बसतो.
शेवंता आरोलकरनं हात राखेत घोळवले, पदराला पुसले,
माझ्या फोनवर अंगठा टेकला.
पुन्हा टेका, म्हणाला फोन.
पुन्हा.
पुन्हा.

तेवीस वर्षं टरफलातलं तेल
तिच्या बोटांवरच्या रेघा खात आलंय.
शेवटची रेघ कधी गेली, तिलाही ठाऊक नाही.
आधार कार्डाच्या वेळीही असंच, म्हणत सगळ्या हसल्या,
कार्मिना सर्वांत मोठ्यानं.

मग मीच उघडून दिलं.
आज कसं वाटतंय? पाच चेहरे.
तिनं हसरा दाबला, नीट न बघताच,
हजेरीच्या वहीत टिंब द्यावं तसा.
खरं सांगा, मी म्हटलं.
तिनं दाराकडे पाहिलं. तिथं धुरी मुकादम
काट्यावर पोती चढवत होता.
"ह्यां कोण वाचतां?"

माझ्याकडे उत्तर होतं. आलेख होता,
विभागवार, महिनावार, मालकांसाठी,
सरासरी काढलेला, म्हणून निरुपद्रवी.
सोलाईच्या टेबलाशी चारच बायका.
चौघींची सरासरी म्हणजे नेमकी कोण,
हे आमच्या बैठकीत कुणी विचारलं नव्हतं.

"रडको दाबलंय तर उद्या कामार घेतीत?"

दुपारी बंदरावर, जेटीच्या सावलीत,
मी कागद पसरला, वर चप्पल ठेवली.
सलग सात दिवसांचं सोनेरी पान खोडलं :
तिचे दिवस मोजायला धुरी आहे.
खोल श्वास घ्या म्हणणारा मऊ आवाज खोडला :
भट्टीच्या धुरात खोल श्वास कुणी घ्यावा?
आलेखापाशी पेन थांबलं.
माझा पगार त्यावरच निघतो.
बराच वेळ एक होडी नुसतीच हलत होती.
मग खोडला. नीट नाही, पण खोडला.

संध्याकाळी कारखाना सुटल्यावर
शेवंता आपण होऊन शेजारी टेकली.
"नाव इचारू नको, मगे सांगतंय."
मी फोन पालथा ठेवला.
ती काय बोलली ते इथे लिहिणार नाही.

रात्री खोलीवर फोन उलटला.
काचेवर सकाळचे तीन डाग,
तेलकट, गोल, एकही रेघ नसलेले,
कुणाचेही असू शकतील असे.