एकोणीस नंबरचं शटर

छताखालच्या या बाजारात ऊन येतं ते पिवळं होऊनच.
वरचं प्लॅस्टिक तीस वर्षं कुणी पुसलेलं नाही.
बेचाळीस दुकानं. उघडी सात.
त्यांतलं एक औषधांचं, एक थडग्यांवर वाहायच्या फुलांचं,
बाकीची कधी उघडतात
ते उघडणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

नगरपालिकेने आधी फरशी बदलली.
मग दिवे.
मग गावाचा लाडका बाहुला काढला, मुळ्याच्या आकाराचा,
त्याच्या पोटात दोन उन्हाळे मी होतो, घामाघूम, हात हलवत.
मग टोकियोहून सल्लागार आला,
एकशे बारा पानांचा आराखडा ठेवून गेला.
त्यात झाडं होती, सायकली होत्या,
आणि हसरी, पारदर्शक माणसं,
ज्यांच्या आरपार मागची भिंत दिसायची.

शटरं तशीच.

भाडं परवडत नाही म्हणून कुणी येत नाही,
असं आम्ही धरून चाललो.
निम्मं भाडं पालिका भरेल, ठराव झाला.
अर्ज आले अकरा.
जागा मिळाली एकालाही नाही.
घेणारे होते. देणारेच देत नव्हते.

तेव्हा आमच्या साहेब, मिनेगिशीबाई,
निवृत्तीला चौदा महिने उरलेल्या,
फाइल मिटून म्हणाल्या,
"चल, दारं वाजवू."

एकोणीस नंबर. इसोबे छत्रीवाले.
वर राहतात शिमेनो इसोबे, वय एक्क्याऐंशी, एकट्या.
पहिल्या खेपेला चहा.
दुसऱ्या खेपेला चहा, आणि "विचार करते."
तिसऱ्या खेपेला घरचं लोणचं
(मी डायरीत लिहिलं: प्रगती).
चौथ्या खेपेला मिनेगिशीबाईंनी भाड्याचा विषयच काढला नाही.
बसून राहिल्या. पाऊण तासाने हळूच विचारलं,
"जरा जाऊन येऊ का?"

संडास खाली होता.
अरुंद जिना उतरून, दुकानाच्या पार मागे,
बंद शटरामागच्या काळोखात
न विकलेल्या छत्र्यांच्या रांगेला खांदा घासत जायचं.

त्या परतल्या तेव्हा
पाणी कुठं मुरतंय ते त्यांना कळलं होतं.
शिमेनोबाई चटईकडे बघत म्हणाल्या,
"रात्री तीनदा उतरते मी.
झोपायच्या कपड्यांत.
परक्या माणसाच्या दुकानातून कशी जाऊ?"

एकशे बारा पानांत
हे वाक्य कुठेच नव्हतं.

सभेत हशा पिकला.
"पुनर्विकासाच्या निधीतून संडास?"
एक सदस्य उठून म्हणाला, "उद्या न्हाणीघर मागतील!"
मिनेगिशीबाई उभ्या राहिल्या.
"मागतील," म्हणाल्या.
"फरशीवर आपण किती खर्च केला, तो आकडा वाचू का?"
नको म्हणाले.
एका मताने मंजूर झालं.

एक भिंत. बोळातून वेगळं दार. वरच्या मजल्यावर नवा नळ.
बस्स. इतकंच काम.
खाली आला कुनिहिरो, पस्तिशीचा,
मासेमारीची जुनी रिळं दुरुस्त करणारा,
त्यात पैसा आहे की नाही, देव जाणे.
छत्र्या त्याने टाकल्या नाहीत. विकतही नाही.
कोपऱ्यात आहेत.

उद्घाटनाला महापौर आले, फीत आली, मुळाही आला
(आत या खेपेला दुसरा कुणीतरी).
शिमेनोबाई खाली आल्याच नाहीत.
"शहराची भूमिका," महापौर बोलू लागले,
"ही नेहमीच दूरदृष्टीची..."
आणि नेमकं तेव्हा
नव्या भिंतीतून वरून खाली
घळघळ घळघळ पाणी गेलं.

सगळे गप्प.
महापौर कागदात ओळ शोधत राहिले.
मिनेगिशीबाई तेवढ्या भिंतीकडे वळल्या
आणि कमरेत वाकल्या, नीट,
जसं एखाद्या मोठ्या माणसासमोर वाकतात.

अजून चौतीस शटरं बंद आहेत.
सव्विसाव्यात नवऱ्याचा देव्हारा आहे म्हणे,
एकतिसाव्यात दोन भावांचं भांडण.
उद्या सकाळी नऊला
बूट घालून मी खाली थांबायचंय.