कोणावर गेलीये

अर्जात विचारलं होतं: केस, डोळे, उंची, रक्तगट.
माझे केस मूळचे कुठल्या रंगाचे
हे मला फोल्कमारला विचारावं लागलं.
ओल्या लाकडाचे, तो म्हणाला.
मी लिहिलं: तपकिरी.
सोबत फोटो जोडा, तिशीतला असल्यास उत्तम.
होता एक. एल्बेच्या काठावर,
हातात आइस्क्रीम, चेहऱ्यावर
कसलीच घाई नाही.

आमच्या देशात एकीचं अंडं दुसरीला देता येत नाही.
कायदा आहे.
पिर्नाच्या माझ्या डॉक्टरबाईंनी अस्तराची जाडी मोजली,
आठ मिलिमीटर,
कागद माझ्याकडे सरकवला
आणि प्रवासाला शुभेच्छा दिल्या,
जणू मी समुद्रावर चालले होते.

ब्रनो. गाडीने पाच तास.
झ्देन्का नावाची समन्वयक,
जर्मन फाडफाड बोलायची, फक्त लिंगं चुकायची,
‘मूल’ पुल्लिंगी करून टाकायची.
तिने पाकीट दिलं. आत एकच पान.
वय सव्वीस. एकशे अडुसष्ट सेंटिमीटर. ओ पॉझिटिव्ह.
तपकिरी केस, हिरवट डोळे. शिक्षण माध्यमिक.
नाव नाही. कधीच कळणार नाही.
मी पान उलटून पाहिलं.
कोरं.

याच गावात, मठाच्या बागेत,
एका साधूने वाटाणे मोजले होते,
गुळगुळीत किती, सुरकुतलेले किती.
फोल्कमारला ती बाग बघायची होती. तू जा, म्हटलं.
मी एक नंबरच्या ट्रॅममध्ये बसून राहिले
आणि तपकिरी केसांच्या पोरी बघत राहिले.
एकीने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.
वळणावर डबा हिसकला, तिने ओठ आवळले.
हीच का?
दहा दिवस पोटाला सुया टोचून घेतलेली,
फुगलेली, जपून बसलेली?
उठून तिला जागा द्यावीशी वाटली.
पण ती बसलेलीच होती.

तिला पैसे मिळाले. ‘गैरसोयीबद्दल’, असा शब्द होता.
किती, ते मला ठाऊक आहे.
त्या वर्षी आम्ही घेतलेल्या फ्रिजपेक्षा कमी.
हे मी अजून कुणाला बोलले नाहीये.

अकरा निघाली. आठ पक्व. सहा फळली.
पाचव्या दिवशी फोन: दोन.
मी पांढरी शतावरी सोलत होते.
दोन, मी म्हटलं, आणि सोलतच राहिले
हातात नुसतं देठ उरेपर्यंत.

पुन्हा ब्रनो. पुन्हा पाच तास.
पोट पाण्याने तुडुंब, हसले तर पंचाईत,
आणि पडद्यावर तो पांढरा ठिपका सुटला
तेव्हा नेमकं हसूच आलं.
झ्देन्का म्हणाली, हा तुमचा मूल.

आता योरिंडे सहा वर्षांची आहे.
सासूबाई दर नाताळला तिची हनुवटी धरून वळवतात:
कपाळ आमचं. नाक मात्र आईवर गेलंय.
मी केक कापते.

योरिंडेला मात्र सांगितलंय.
एका बाईने आपल्याला इवलंसं बी दिलं.
ती म्हणाली, मग आपण तिला काय दिलं?
फोल्कमारने माझ्याकडे पाहिलं,
मी फ्रिजकडे.

आणि एक गोष्ट. घरातून उन्हात पाऊल टाकलं
की योरिंडेला शिंका येतात. दोन. नेहमी दोनच.
मला येत नाहीत. फोल्कमारला नाहीत.
आमच्या दोन्ही घरांत, जुन्या मावश्यांपर्यंत विचारून झालं,
उन्हाला कुणीच शिंकत नाही.
म्हणजे तिकडे, कुठल्याशा जिन्यावरून उतरून,
दार ढकलून बाहेर येताना
बत्तीस-तेहतीस वर्षांची एक बाई
डोळे मिटते, थांबते,
चावीचा जुडगा हातात तसाच—

शिंकेला आमच्याकडे ‘आरोग्य’ म्हणतात.
मी दोनदा म्हणते.
एकदाच पुरे, योरिंडे सांगते,
आणि सुटलेली नाडी बांधायला
पाय पुढे करते.