चौथं घर

खरांगण्याच्या फाट्यावर, जुन्या टायरांच्या उतरंडीमागं
सुभान मिस्त्रीनं माझी गाडी स्टँडवर घेतली,
मागचा भाग दोन्ही हातांनी दाबून सोडला
आणि ती किती वेळ हलत राहते ते पाहिलं,
बाजारात गोऱ्ह्याची चाल पाहावी तसं.
"डॉक्टर, तेल सगळं गळून गेलं.
नुसत्या स्प्रिंगावर हिंडून राह्यले तुम्ही."

मी डॉक्टर नाही.
कॅनमध्ये नायट्रोजन, नायट्रोजनमध्ये कांड्या,
कांड्यांत गवळाऊचे, साहिवालचे वळू
उणे एकशे शहाण्णववर निजलेले.
त्यांना मी गोठ्यागोठ्यांतून नेतो, एवढंच.
पण गायवाल्यांनी डॉक्टर म्हटलं की
नाही म्हणवत नाही.

"स्प्रिंगचं काम उसळायचं.
तेलाचं काम तिले म्हणायचं, हळू वो बाई, हळू.
तेल गेलं का एकच खड्डा तीनदा खावा लागते."

कमरेला हे ठाऊक होतं.
कॅनलाही. पांदणीवर त्याचं झाकण
कुकरसारखं थडथडायचं
आणि गार वाफ शर्टातून पाठीवर चढायची,
वैशाखातसुद्धा.

बोल्ट गंजलेले. डिझेल टाकून अर्धा तास ठेवले.
पोऱ्यानं लांब पान्यावर उभं राहून
उडी मारली, तेव्हा पहिला सुटला.
बुश हातात आला: भोक गोल असायचं,
ते लांबुळकं झालं होतं.
मी वाकून बघायला गेलो तर
सुभाननं कोपरानं मागं सारलं.
"दाबून ठेवलेल्या वस्तूसमोर तोंड नेऊ नाही कधी."
पोऱ्या हसला. मी हसलो नाही.

सील बदलून तीनशे, टिकलं तर सहा महिने.
नाहीतर गॅसचे, बाजूला पितळी रंगाची डबी असलेले,
बत्तीसशे.
मी गॅसचे घेतले. टायर आणखी एक वर्ष ओढतील.

मग त्यानं विचारलं, "किती घरं चढवू?"

स्प्रिंगच्या बुडाशी एक कडं असतं, पायऱ्यापायऱ्यांचं.
मिस्त्री लोक त्या पायऱ्यांना घरं म्हणतात.
जितकं ओझं तितकं वरचं घर.
जुने चौथ्या घरावर होते.
कुंदा मागं बसायची, मांडीवर बचत गटाची रजिस्टरं,
आमच्या मध्ये निनाद, त्याच्या मध्ये दप्तर,
आणि कॅन बाजूला लटकवलेला,
साडेअकरा किलो.

"मांगं कोन बसते?"

कोणी नाही, हे तोंडात येऊन थांबलं.
तसं लोक दुसऱ्याच अर्थानं म्हणतात.
ती आहे. धडधाकट आहे.
तीन महिने झाले, राखाडी स्कूटर घेतली तिनं
मानधन साठवून.
गुजरीच्या रिकाम्या पटांगणात
सीट धरून मागं मागं मीच धावलो,
आणि सोडली कधी तेही मला कळलं नाही.
आता निनादला शाळेत तीच सोडते
आणि बैठक उरकून माझ्या आधी घरी असते.

"मी आन् कॅन," म्हटलं.
"मंग दुसरं बस झालं."
आकडीचा पाना कड्यात अडकला,
टक.
टक.
माझ्या देखत गाडी थोडी खाली बसली.

धाम नदीच्या पुलाआधी एक खड्डा आहे.
तिथं दहा पावलं अलीकडेच
डाव्या खांद्यावर हात पडायचा,
न बोलता, दर वेळी.
आज गाडीनं तो खड्डा एकदाच खाल्ला
आणि गिळून टाकला.
खांदा मात्र आधीच आखडून तयार होता.
नवे शॉकअप, बत्तीसशेचे,
त्याला काय करणार.

तेवढ्यात फोन.
"डॉक्टर, कपिली माजावर आली,
पहाटपासून हंबरून राह्यली. येता का?"
निघालो. उतारावर मागं वळून पाहिलं.
कॅन गप्प होता.
आतले वळू
एकाचीही झोप मोडली नव्हती.