साडेएकोणतीस

वाळूजला, सी सेक्टरात, रात्रपाळीला
स्टेनलेसचे चाळीस दांडे.
दोनाच्या पिचचे आटे पाडायचे,
सकाळी सातला टेम्पो.

पहिल्या दांड्यात टूल सरळ घातलं.
आयटीआयत तसंच शिकवलेलं, नाकासमोर,
दोन्ही कडांनी एकदम कापत.
तीन फेरे गोड गेले.
चौथ्याला दांडा पुटपुटायला लागला,
सातव्याला असा किंचाळला
की मिलिंगवरच्या गवारेनं कानातलं काढून
माझ्याकडे पाहिलं.
आट्याच्या कुशीत लाटा, नख अडकेल अशा.
किस दोन्हीकडून निघायचा आणि मध्येच गुंतायचा,
बिडकीनच्या रस्त्यावर समोरासमोर आलेल्या
उसाच्या दोन ट्रॉल्या जशा,
मागे कुणी घ्यायचं, ठरत नाही.

मग कंपाउंड वळवला, बरोबर तीस अंशांवर.
आता एकच कड कापणार.
किस सुटा, गुंडाळत, रुबाबात बाहेर.
वाटलं, जमलं.
पण दुसरी कड नुसती घासत होती.
दोन दांड्यांत ती काळवंडली,
तिच्या बाजूचा आटा काचेसारखा कडक.

खाजाभाई चहाचा कप घेऊन आले,
भिंग न लावता बोटानंच आटा वाचला.
"सीदा नक्को घुसो, परनिता.
पूरा तीस बी नक्को."
दोन नट सैल केले. तळहातानं हळूच एक थाप.
अर्धा अंश मागे.
"मागच्या कडेलाही थोडं काम दे.
रिकामी बसलेली कड आधी मरते."

अर्धा अंश म्हणजे दोन रेघांमधली
कोरी जागा. ट्यूबलाइटमध्ये ती मला दिसली नाही.
त्यांनाही दिसत नसावी,
मोतीबिंदू आहे एका डोळ्यात.

पहिला कट पस्तीस शतांशांचा, मग पंचवीस, मग अठरा,
जसं खोल जावं तसं कमी मागत,
शेवटी पाच.
आणि मग एक फेरा काहीच न देता,
टूल आहे तिथंच ठेवून, नुसतं जाऊन यायचं.
त्या फेऱ्यालाही धुळीएवढा किस निघाला.

रिंग गेज तेल लावल्यासारखं शेवटापर्यंत गेलं.
दुसरं दीड आट्यावर थांबलं, थांबायलाच हवं होतं.

सदतीस दांडे गेले. टेम्पोवाला हॉर्न मारतच होता.

पहिला दांडा पिशवीत घातला.
फाटकावर वॉचमन म्हणाला, हे काय?
म्हटलं, भंगार आहे, माझंच.
साहेबांची चिठ्ठी दाखवली.
रांजणगावच्या खोलीत
दाराला अडसर म्हणून बरा बसतो.